खारीची वरची सालं

लग्न होऊन मी वाशीमजवळच्या मळ्यात आले, त्याच्या पुढच्या चैत्रात माझ्या जावेनं ती खार पाळली. चिंचेची एक फांदी मोटेच्या धावेवर, बैलांच्या वाटेत, आडवी येत होती. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भासरे, कुऱ्हाड घेऊन वर चढले आणि त्यांनी ती तोडली. फांदीबरोबर एक घरटंही खाली आलं, कापसाच्या बोंडातला कापूस आणि दोरखंडाचे धागे लावून केलेलं. आतली दोन पिल्लं पडताक्षणीच गेली. तिसरं बोटाएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं, मातीत वळवळत होतं. वरच्या फांदीवर कावळे येऊन बसले होते. जावेनं हातातलं खुरपं टाकलं आणि पिल्लू पदरात घेतलं.

"मरन ते," भासरे वरून म्हणाले.

"मरन तवा मरन," ती म्हणाली.

जावेला दोन मुलं झाली होती. एकही रांगायला लागलं नाही. हे मला लग्नाआधीच सांगून ठेवलेलं होतं, आणि त्याबद्दल तिच्याशी बोलायचं नाही, हेही सांगितलेलं होतं. त्यामुळे कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून ती त्या पिल्लाच्या तोंडाला लावायची, तेव्हा मी चुलीपाशी तोंड वळवून बसत असे.

पिल्लू जगलं. त्याच्या अंगावर लव आली, मग पाठीवर पट्टे उमटले. एक दिवस त्यानं डोळे उघडले. मादी होती. ती बाहेर पळायला लागली, तेव्हा मांजराच्या भीतीनं भासऱ्यांनी तिच्यासाठी घर केलं. घासलेटचा रिकामा डबा घेतला, त्याची एक बाजू कापली आणि लोहाराकडून तारेची जाळी आणून बसवली. जाळीला लहानसं दार. आत बाभळीची एक वाकडी काटकी. डबा पडवीच्या खांबाला टांगला. दिवसा जाऊ दार उघडी. खार तिच्या खांद्यावर चढे, वांग्याच्या वाफ्यात तिच्या मागोमाग हिंडे आणि दिवेलागणीला आपणहून डब्यात जाऊन बसे.

घरात आम्ही पाचच माणसं. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. सासऱ्यांना आम्ही दोघी मामाजी म्हणायचो. ते कमी बोलणारे, पण शकुन फार मानणारे. मेथी पेरायची तरी दिशा बघायचे. त्यांच्यापुढे शब्द चाले तो फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीचा. ह्या आत्याबाईंनी नवरा आणि तिन्ही मुलगे आपल्या डोळ्यांदेखत घालवलेले होते. त्या बोलल्या की मामाजी हातातलं काम थांबवून ऐकत.

पुढच्या वर्षी आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या आल्या. पडवीत बसल्या आणि त्यांची नजर डब्यावर गेली.

"कायची हाय वो ही?"

"खार हाय, आत्याबाई," जाऊ म्हणाली. "डोये उघडले नव्हते तवापासून पोसली."

"सोडून दे."

"काहून?"

आत्याबाई अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "झाडावरची खार दोन पावसाये काढते. लय झालं त तीन. डब्यातली पाच काढते, सात काढते. मंग वरची सालं येते कुठून? देवानं त तिले तितकी देल्ली नाईत. घरातल्या कोनाची तरी येते."

मामाजी दोर वळत होते. त्यांचा हात थांबला.

भासरे मात्र मोठ्यानं हसले. "मंग बैलाले बी रानात सोडून देऊ का, आत्या? थो बी गोठ्यात जास्त जगते."

"बैल काम देऊन खाते," आत्याबाई म्हणाल्या. "हे काय देऊन खाते?"

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्यांचं बोलणं मात्र घरात राहिलं. त्यावर पुन्हा कुणी चर्चा केली नाही, पण मामाजी पडवीतून जाताना डब्याकडे एकदा बघून जाऊ लागले. मीही बघू लागले. मला खरं तर आत्याबाईंचं पहिलं वाक्यच छळत होतं. झाडावरची खार खरंच दोन पावसाळेच काढते का?

विहिरीजवळच्या निंबावर एक बुच्ची खार होती. शेपूट कशानं तरी तुटलेली, त्यामुळे ती लांबून ओळखू येई. तिच्यावर मी डोळा ठेवला. एका पावसाळ्यात ती होती, दुसऱ्यातही होती. मग एका सकाळी शिक्रा निंबाच्या शेंड्यावर बसून काहीतरी फाडत होता आणि त्यानंतर ती बुच्ची मला कधी दिसली नाही. बाकीच्यांचंही तसंच. धामण छपरात शिरायची आणि घरट्यातली पिल्लं संपायची. मांजर एखादीला कुंपणाशी धरायचं. थंडीत काही नुसत्याच दिसेनाशा व्हायच्या. पहिला पावसाळा बघणाऱ्याच थोड्या. त्यामुळे मळ्यात खारी कायम होत्या, पण त्याच खारी कायम नव्हत्या. आत्याबाईंचं निम्मं तरी खरं निघालं होतं, आणि मला उरलेल्या निम्म्याची भीती वाटायला लागली होती.

डब्यातल्या खारीनं तिसरा पावसाळा काढला. दसरा झाला, दिवाळी झाली. ती तुकतुकीत होती, तिच्या उड्या कमी झाल्या नव्हत्या. तीन झाले, आता पुढे काय, हा विचार घरात माझ्या एकटीच्याच मनात नव्हता. कारण त्या दिवाळीत मामाजींनी जावेला म्हटलं, "सूनबाई, आता सोड तिले."

"ते जात नाई, मामाजी. दार उघडंच असते."

"मंग दूर नेऊन सोड."

"मांजर खाईन."

नंतर थंडी पडली, आणि वाशीमात उंदीर पडायला लागले.

गाठीच्या तापाची साथ काय असते हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. उंदीर पडले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालायच्या. आठवड्याभरात गावातली घरंच्या घरं रिकामी झाली. आमच्या मळ्याच्या बांधापलीकडे तट्ट्यांच्या आणि तुराट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. बाजार बंद झाला. वांगी झाडावर पिवळी पडली. मुळे फुगून पोकळ झाले, ते आम्ही बैलांना घातले. गावाकडून वारा आला की जळल्याचा वास यायचा. आम्ही मात्र स्वतःला सुरक्षित समजत होतो. आम्ही आधीच रानात होतो, घरात उंदीर दिसत नव्हते, पाणी आमचं स्वतःच्या विहिरीचं होतं.

एका दुपारी मी पाटावर भांडी घासत होते. एक खार बांधावरून खाली उतरली आणि सरळ माझ्याकडे चालत आली. पळत नव्हती, चालत होती, मागचे पाय ओढत. मी हात हलवला तरी ती बिचकली नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर पाटाच्या पाण्यात तोंड घालून आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही.

मी ओरडले. मामाजी आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग वर निंबाकडे बघितलं.

"हात लावू नोको," ते म्हणाले. लांब काठीनं त्यांनी ती उचलली आणि पाचोळ्यात जाळली.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली दोन मिळाल्या. मग गोठ्यामागे एक. एक विहिरीत पडलेली होती. ती भासऱ्यांनी आत उतरून, फडक्यानं धरून काढली, कारण प्यायचं पाणी तेच होतं. त्यानंतर खारी पडलेल्या दिसणंही थांबलं, कारण पडायला उरल्याच नसाव्यात. मळ्यात पहाटेपासून त्यांचा जो चिरचिराट असे, ज्याच्याकडे आमचं कधी लक्षही गेलं नव्हतं, तो बंद झाला. उरली ती एकटी डब्यातली. पहिली खार पडली त्या दिवसापासून जावेनं तिचं दार बंदच ठेवलं होतं. ती जाळीला पंजे लावून उभी राही आणि चिक्‌ चिक्‌ करून हाक घाली. मग थांबे. कान टवकारून ऐके. पुन्हा हाक घाली. निंबावरून काही उत्तर येत नसे.

"तिले मारून टाक," मामाजी भासऱ्यांना म्हणाले. "सगया मेल्या. हे एकटीच काहून जगून राह्यली?"

"डब्यात हाय म्हनून जगली, बाबा. खाली उतरली नाई, दुसऱ्या खारीत मिसयली नाई."

"कोनाच्या जिवावर जगून राह्यली, ते इचारतो मी."

भासरे वाफ्याकडे गेले. त्यांच्या चालण्यात काहीतरी वेगळं आहे असं मला त्याच वेळी वाटलं होतं. संध्याकाळी ते जेवले नाहीत. सकाळी अंग फणफणलं होतं आणि जांघेत गाठ आली होती.

जावेनं मळ्याच्या टोकाला, कांद्याच्या वाफ्याजवळ जी राखणीची झोपडी होती तिथं त्यांची बाज नेली आणि स्वतः त्यांच्याबरोबर राहिली. आम्हाला तिनं जवळ येऊ दिलं नाही. मी भाकरी आणि पाणी बांधावर ठेवून मागे सरायची, मग ती येऊन न्यायची. डबा तिनं सोबत नेला होता. दारात टांगला होता.

दुसऱ्या दिवशी मामाजी कुऱ्हाडीचा दांडा घेऊन झोपडीकडे निघाले. माझा नवरा मागून धावला, त्यांना धरू लागला. त्यांनी त्याला झटकलं. बांधापर्यंत पोचले आणि तिथंच उभे राहिले. पुढं पाऊल टाकायची त्यांची छाती झाली नाही. झोपडीत त्यांचा मुलगा होता आणि झोपडीत तो ताप होता.

"सूनबाई! तो डबा इकडे फेक!"

जाऊ दारात आली. तिचे डोळे आत गेले होते.

"काहून?"

"त्याचं आयुष्य ते खाऊन राह्यली! दिसत नाई का तुले?"

आतून भासऱ्यांचा आवाज आला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "बाबा, तिनं काय केलं? राहू द्या तिले."

जावेनं हात वर केला आणि डब्याचं दार उघडलं. खार बाहेर आली, छपराच्या वाशावरून वर गेली, तिथून पळत विहिरीजवळच्या निंबावर गेली. मामाजींनी दांडा खाली टाकला आणि हात जोडले. मला वाटतं, तेवढा दिवस त्यांनी खरोखर आशा धरली असेल. पण निंबावर तिच्या जातीचं कुणी नव्हतं. ऊन उतरल्यावर ती खाली आली, झोपडीच्या दारावरून सरकत डब्यात शिरली आणि शेपूट अंगावर घेऊन बसली. मामाजी बांधावरच बसून राहिले.

भासरे पुढच्या दुपारी गेले.

जावेला ताप आला नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही, मला नाही, मामाजींना नाही. बांधापलीकडच्या झोपड्यांतून मात्र आणखी माणसं गेली. उन्हं तापली तशी साथ ओसरली आणि लोक गावात परतले. जाताना बायका आमच्या पडवीकडे बोट दाखवत. खारीनं नवरा खाल्ला, हे वाक्य मी वाफ्यात वाकलेली असताना माझ्याच पाठीमागे ऐकलं.

मला वाटत होतं, आता मामाजी तिला ठेवणार नाहीत. जावेलाही तसंच वाटत असावं, कारण ती डबा नजरेआड करत नसे. पण झालं भलतंच. एका सकाळी मी पडवी सारवायला गेले तर मामाजी डब्यासमोर बसले होते. भुईमुगाच्या शेंगा फोडून एकेक दाणा जाळीतून आत सारत होते.

"खाय, बापू," ते हळू आवाजात म्हणत होते. "खाय."

ते थोरल्या मुलाला बापू म्हणत असत.

माझ्या हातातून पोतेरं गळालं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, लाजले नाहीत, दचकले नाहीत. "त्याची सालं हिच्यात हाय," ते मला समजावून सांगू लागले. "आता हिले काई होता कामा नाई."

त्या दिवसापासून ती खार त्यांची झाली. डब्याचं दार त्यांनी तारेनं बांधून टाकलं. मांजर दिसलं तर दगड घेऊन धावत. पावसाची झड आली की घोंगडी टाकत. स्वतः शिळी भाकरी खाऊन तिला तीळ घालत. मुलगा गेल्याबद्दल ते एकदाही रडले नव्हते, आणि त्यांना रडायचं कारण आहे असं आता वाटतच नव्हतं. जावेशी ते पूर्वीसारखेच वागत, पण ती डब्याजवळ गेली की उठून मध्ये उभे राहत.

"तिले बाहेर सोडा थोडी, मामाजी," ती म्हणे. "पाय आखडले तिचे."

"नाई. बाहेर दोन सालात मरते. आत सात जगते. तुहीच आत्यासासू सांगून गेली."

चौथा पावसाळा गेला, पाचवा गेला. मळ्यात दुसरीकडून नव्या खारी आल्या, निंबावर पुन्हा चिरचिराट सुरू झाला. डब्यातली मात्र म्हातारी होत चालली. पट्टे फिके पडले. एका डोळ्यावर पांढुरका सारा आला, मग दुसऱ्यावर. कुरतडायला बाभळीची काटकी रोज नवी घालत, तरी तिचे दात वाढून वाकडे झाले, आणि जाऊ शेंगदाणे कुटून देऊ लागली. एवढ्यापुरती तिला परवानगी होती. मामाजी दोन्ही हातांची बोटं घेऊन बसत, पाच दुमडत, दोन उघडी ठेवत, आणि त्या दोन बोटांकडे बघत राहत.

त्या वर्षी मला दिवस गेले. मामाजींनी ठरवलं की बाळंतिणीच्या खोलीत डबा माझ्या उशाशी टांगायचा. म्हणजे बापू माझ्या पोटी परत घरातच येईल. मी जावेच्या गळ्यात पडून रडले.

"बाई, मले भेव वाटते त्या खारीचं."

"खारीचं भेव कायले?" ती म्हणाली. "मले मामाजीचं भेव वाटते. खार म्हातारी झाली. हे साल काढत नाई. ज्या दिवशी मरन, त्या दिवशी ह्या मानसाचं पोरगं पुन्हा मरन."

सहाव्या पावसाळ्यात, मला सातवा महिना असताना, झडीच्या एका सकाळी जाऊ कूट घालायला गेली तर खार काटकीखाली कुशीवर पडलेली होती. शेपूट अंगावर घेतलेली नव्हती. मामाजी बैलांना पाणी दाखवायला गेले होते. माझ्या नवऱ्यानं डब्यात बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी दुसरी धरून आनतो," तो घाईघाईनं म्हणाला. "निंबावर लय हाय. म्हाताऱ्याची नजर कुठं चांगली हाय आता! त्याले कयनार नाई."

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं.

"नाई," जाऊ म्हणाली. "मंग ते मरन तवा तिसरी धरसान. मेल्याच्या नावानं जित्याले डांबाचं किती साल?"

तिनं तार सोडली, खार पदरात घेतली आणि गोठ्याकडे निघाली. आम्ही दोघं मागोमाग. मामाजी बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. तिनं ती त्यांच्या ओंजळीत ठेवली.

त्यांनी तिच्या पोटावर बोट ठेवलं. मी पुढं होऊन त्यांना धरायच्या बेतात होते. ते पडले नाहीत.

"सात नाई झाले," ते म्हणाले.

"सगयाच सात नाई काढत, मामाजी. म्हातारी झाली होती. डोये गेले होते, दात गेले होते. तिचं जेवढं होतं तेवढं तिनं काढलं. कोनाचं घेतलं नाई, कोनाले देल्लं नाई."

"मंग बापूची सालं?"

"तापानं नेली."

पाऊस गोठ्याच्या छपरावरून गळत होता. मामाजी खाली बसले, त्या ओल्या शेणामातीतच. खार त्यांच्या हातात तशीच होती. माझा नवरा त्यांना उठवायला वाकला, तर जावेनं त्याला हातानंच थांबवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्यांनी मान वर केली, आणि त्या दिवशी बांधावर उभं राहिल्यापासून जे त्यांनी तिला कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"जातानी तो काय बोलला वो, सूनबाई?"

"पानी मागितलं," ती म्हणाली. "मी पाजलं. मंग म्हणे, कांद्याची माती उलली असंन, पाट वयवा तिकडे. मी हो म्हटलं. मंग तुमचं इचारलं. बाबा कुठी हाय, म्हणे. मी म्हटलं, बांधावर बसले हाय. म्हणे, उन्हात काहून बसले, घरी जा म्हनाव."

मामाजींच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी आणि त्यानंतर कोणत्याही माणसाच्या तोंडून ऐकला नाही. बैल बिचकून मागे सरला. जावेनं पुढं होऊन त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सासऱ्यासमोर तिनं कधी पदर ढळू दिला नव्हता. तो आता शेणात पडला होता, आणि तिनं तो उचलला नाही.